लिहायला बसलं की सुचतच नाही? पांडेसऱ्यातल्या मराठी घरांसाठी खानदेशातलाच जुना उपाय

पांडेसरा (सुरत), प्रतिनिधी : बारा तासांची पाळी संपवून खोलीवर आलेला माणूस चहाच्या टपरीवर बोलायला लागला की थांबत नाही. गाव कसं सोडलं, पहिल्यांदा उधना स्टेशनवर उतरलो तेव्हा खिशात किती पैसे होते, लूमच्या आवाजात पहिले आठ दिवस झोप कशी लागली नाही, सगळं तारीखवार सांगतो. ऐकणाराही म्हणतो, "नाना, हे लिहून काढा ना!" नाना वही आणतात, पेन आणतात, रविवारी दुपारी बसतात. आणि वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढून झाले की पुढे काहीच उमटत नाही. अर्धा तास जातो. वही कपाटावर जाते, ती तिथेच राहते.

हा अनुभव एकट्या नानांचा नाही. शाळेतला निबंध, समाजाच्या स्मरणिकेसाठी मागितलेला लेख, वारलेल्या वडिलांवर लिहायच्या चार ओळी, एवढेच काय, साधा तक्रार अर्ज लिहितानाही हात अडतो. इंग्रजीत याला 'रायटर्स ब्लॉक' म्हणतात. आपल्याकडे लोक सरळ म्हणतात, "सुचतच नाही." हे का होते, पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी जास्त का होते आणि त्यावर काय करता येते, याची ही माहिती.

'सुचत नाही' म्हणजे नेमके काय?

'रायटर्स ब्लॉक' हा शब्द १९४० च्या दशकात एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने रूढ केला. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले बर्गलर याचे मूळ माणसाच्या मनातल्या जुन्या, खोल गाठींमध्ये शोधत. पुढच्या अभ्यासकांनी त्याकडे जास्त व्यवहारी नजरेने पाहिले.

त्यातला एक अभ्यास समजायला सोपा आहे. अमेरिकेतले माइक रोझ यांनी १९८० मध्ये विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांची तुलना केली. पाच जण लिहिताना अडायचे, पाच जण अडायचे नाहीत. अडणारे काही कमी हुशार नव्हते. फरक होता डोक्यातल्या नियमांचा. एकीला वाटे, प्रत्येक वाक्य पहिल्या फटक्यात व्याकरणशुद्धच आले पाहिजे. दुसरीला वाटे, पहिल्याच ओळीत वाचकाला पकडले नाही तर लेख वाया गेला. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ते ढिले होते. जमला तर पाळू, नाही तर पुढे जाऊ, असा त्यांचा हिशेब.

थोडक्यात, बहुतेक वेळा सांगण्यासारखे काही नसते म्हणून माणूस अडत नाही. सांगण्यासारखे भरपूर असते, पण दारात एक तपासनीस बसलेला असतो. प्रत्येक वाक्याला तो विचारतो, "तू शुद्ध आहेस का? तू भारी आहेस का? लोक काय म्हणतील?" अशी चौकशी सुरू झाली की वाक्य दारातूनच मागे फिरते.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर आपण रोजकीर्द न लिहिता थेट ताळेबंद मांडायला बसतो. कोणताही मुनीम असे करत नाही. आधी दिवसभरात जे झाले ते झाले त्या क्रमाने कच्च्या वहीत टिपायचे, मग त्याची खतावणी, मग बेरीज, आणि ताळेबंद सगळ्यात शेवटी. लिखाणाचेही तेच आहे. कच्च्या वहीशिवाय पक्की वही होत नाही.

पांडेसऱ्यात हात जास्त का अडतो?

पांडेसरा म्हणजे सुरतच्या दक्षिण भागातली जीआयडीसी, कापड रंगवण्या-छापण्याच्या मिल, आजूबाजूला यंत्रमागाचे कारखाने आणि त्यात राबणाऱ्यांच्या सोसायट्या. इथे ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारचे लोक आहेत, तसे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेले मराठी लोकही मोठ्या संख्येने आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, भेस्तान हा सगळा पट्टाच तसा आहे.

इथल्या खानदेशी घरातल्या मुलाचा एक दिवस बघा. घरात आई-आजीशी बोलताना 'माले', 'तुले', 'शे'. मराठी शाळेत असेल तर वहीत 'मला', 'तुला', 'आहे'. कारखान्यात किंवा गल्लीत ओडिया, भोजपुरी बोलणाऱ्या मित्रांशी हिंदी. दुकानावर आणि सरकारी कचेरीत गुजराती, म्हणजे 'मने', 'तने', 'छे'. चार भाषा तो बोलतो, एकीत अडत नाही. पण लिहायला बसला की पहिला प्रश्न हाच पडतो, यातल्या कुठल्या भाषेत लिहू? अहिराणीत लिहिलं तर 'गावंढळ' म्हणतील, पुस्तकी मराठी नीट येत नाही, आणि गुजरातीत आजीचं बोलणं उतरत नाही. निर्णय होईपर्यंत सांगायची गोष्ट थंड होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भाषा येत नाही म्हणून ही अडचण येत नाही. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. देशात असे शहर क्वचितच असेल. म्हणजे मराठी लिहिता येणारी पिढी इथे तयार झाली आहे. तरी मनात बसलंय की लिहायची मराठी पुण्याची, आपली फक्त बोलायची. रोझ यांच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात जसा नियम होता, तसाच हा नियम.

दुसरी अडचण वेळेची. पाळी बारा तासांची, ती दिवसाची-रात्रीची बदलत राहते. घरी बाई असेल तर स्वयंपाक, पाणी भरणे आणि वर साडीला लेस-स्टोन लावण्याचे, धागा कटिंगचे घरबसल्या काम. मग वाटते, सलग चार दिवस सुटी मिळाली की निवांत लिहू. दिवाळीत सुटी मिळते तेव्हा गावाला जायचे असते. निवांतपणा काही येत नाही.

तिसरी अडचण म्हणजे, "आपलं कोण वाचणार?" पुस्तकात मोठ्या माणसांच्या गोष्टी असतात, जेट मशीनवर काम करणाऱ्याची गोष्ट कशाला कोण छापेल, असे त्याला वाटते.

या तिन्ही अडचणींवर खानदेशाकडे उत्तर आहे. तेही पुस्तकातून शोधावे लागत नाही. उधन्याहून ज्या गाडीने लोक गावाला जातात, त्याच ताप्ती लाइनवर ते सापडते.

धुळ्याचा तुरुंग : एक बोलतो, दुसरा लिहितो

उधन्याहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला येते. नवापूरचे स्टेशनच अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा. नरडाण्याहून रस्त्याने दक्षिणेला गेले की धुळे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते, साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर एक प्रवचन दिले. गीतेचे अध्याय अठरा, प्रवचनेही अठरा. विनोबा बोलत गेले आणि साने गुरुजी लिहून घेत गेले. त्यातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले आणि पुढे देशातल्या अनेक भाषांमध्ये गेले.

हे पुस्तक खोलीत एकट्याने बसून, कोऱ्या कागदाकडे बघत लिहिलेले नाही. समोर माणसे बसली होती, त्यांना समजावे म्हणून बोललेले ते शब्द आहेत. त्यामुळे त्यातली भाषा सोपी आहे, दाखले रोजच्या जगण्यातले आहेत. बोलणाऱ्याने बोलण्याकडे लक्ष दिले, लिहिणाऱ्याने लिहिण्याकडे. दोन कामे दोन माणसांत वाटली गेली.

अंमळनेरचा मास्तर : आधी सांगितले, मग लिहिले

नरडाण्याच्या पुढे अंमळनेर. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते. मुलांच्या वसतिगृहात राहायचे, मुलांसाठी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढायचे.

पुढे नाशिकच्या तुरुंगात असताना त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीला संपवली. अवघ्या पाच दिवसांत. पुस्तक १९३५ मध्ये छापून आले आणि आजही घराघरांत आहे.

पाच दिवसांत एवढे लिखाण ऐकून कोणालाही वाटेल की हा दैवी चमत्कार. पण पुस्तक उघडून पाहिले तर गुपित समोरच आहे. प्रकरणांना 'प्रकरण' म्हटलेलेच नाही, 'रात्र' म्हटले आहे. श्याम रोज रात्री सोबत्यांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी. म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःला सांगणारा केले. आजची रात्र, आजची एक आठवण, समोर ऐकणारे चार जण. संपूर्ण आईवर पुस्तक लिहायचे आहे, हे ओझे त्या रात्रीपुरते बाजूला. वर्षानुवर्षे मुलांना गोष्टी सांगणाऱ्या मास्तरला हा साचा सोयीचा होता.

पांडेसऱ्यातल्या नानांसाठी यातून घेण्यासारखे एवढेच की, 'माझे जीवन' असा मथळा देऊन बसू नये. 'पहिला पगार' एवढा छोटा मथळा द्यावा आणि तेवढेच सांगावे.

जळगावच्या बहिणाबाई : पेन हातात न धरता

अंमळनेरनंतर धरणगाव आणि मग जळगाव. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्या आपल्या बोलीत ओव्या, कविता रचत, गात. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि एक नातलग मुलगा त्या ऐकून लिहून ठेवत. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

या गोष्टीकडे आपण 'अशिक्षित बाईची प्रतिभा' म्हणून पाहतो. ते खरेच. पण तिला आणखी एक बाजू आहे. बहिणाबाईंना कोरे पान कधी दिसलेच नाही. शुद्धलेखनाची भीती त्यांना शिवली नाही, कारण शुद्धलेखन त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. शेतकाम करून त्यांनी वेळ 'काढला' नाही, कामातच रचना चालू राहिली. आणि त्या आपल्या बोलीतच बोलल्या, कोणी ती पुस्तकी करून लिहिली नाही. घरात एक लिहिता येणारा मुलगा होता आणि त्याने कान दिला, एवढ्यावर हे काम झाले.

सोपानदेवांनी ते टिपून ठेवले नसते तर? ओव्या आईबरोबरच गेल्या असत्या. खानदेशातल्या कितीतरी बायांच्या अशाच गेल्या असतील.

सुरतचाच एक लेखक : नर्मद

हा उपाय खानदेशचा असला तरी ज्या शहरात आपण राहतो, त्या सुरतेनेही एक धडा दिला आहे. दक्षिण गुजरात विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते वीर नर्मद म्हणजे कवी नर्मदाशंकर दवे. १८३३ मध्ये सुरतेत जन्म. १८५८ मध्ये मास्तरकीची नोकरी सोडून त्यांनी लेखणीवरच जगायचे ठरवले. गुजराती भाषेचा मोठा शब्दकोश त्यांनी तयार केला.

त्यांनी १८६६ मध्ये 'मारी हकीकत' हे आत्मचरित्र लिहिले. सर्वसामान्य वाचकांसमोर ते आले १९३३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी. लिहिणे आणि लोकांपुढे ठेवणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. 'लोक काय म्हणतील' म्हणून ज्यांचा हात अडतो त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे. लिहिलेले दाखवलेच पाहिजे असा कायदा नाही. वही ट्रंकेत राहू द्या. दाखवायचे की नाही, ते नंतर ठरवता येते.

थांबणे आणि अडणे वेगळे

जळगाव जिल्ह्यातच यावल तालुक्यात सांगवी आहे. भालचंद्र नेमाडे यांचे गाव. पंचविसाव्या वर्षी, १९६३ मध्ये, गावाकडे राहून त्यांनी साधारण पंधरवड्यात 'कोसला' लिहिली. तीही खानदेशी पोराने स्वतःबद्दल बोलत जावे अशा भाषेत. तेच नेमाडे 'झूल' ही कादंबरी १९७९ मध्ये आल्यानंतर पुढची 'हिंदू' घेऊन आले ते २०१० मध्ये. मधे ३१ वर्षे. पण या काळात त्यांचा हात बंद नव्हता. 'टीकास्वयंवर' हा समीक्षेचा ग्रंथ आला, 'देखणी' या कविता आल्या, शिकवणे चालू राहिले.

एकाच माणसाचे एक पुस्तक पंधरवड्यात होते आणि दुसऱ्याला तीन दशके लागतात. म्हणून एखादी गोष्ट लवकर उतरत नसेल तर लगेच 'आपल्याला जमत नाही' असा शिक्का मारू नये. ती बाजूला ठेवून दुसरे छोटे काहीतरी लिहीत राहावे. वही बंद पडू न देणे महत्त्वाचे.

रोज थोडे लिहिण्याच्या बाजूने अभ्यासही आहे. अमेरिकेतले रॉबर्ट बॉइस यांनी १९८० च्या दशकात प्राध्यापकांच्या लिखाणाच्या सवयी तपासल्या. मोठी सुटी मिळाली की झपाटल्यासारखे लिहू म्हणणाऱ्यांपेक्षा रोज ठरलेल्या वेळी थोडा वेळ बसणाऱ्यांचे लिखाण जास्त झाले. पाळीवाल्यांसाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे. चार दिवस निवांत मिळायची वाट पाहायची गरज नाही, दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

घरी करून पाहण्यासारखे

विनोबा-साने गुरुजी, बहिणाबाई-सोपानदेव या दोन जोड्या डोळ्यांपुढे ठेवल्या तर पांडेसऱ्यातल्या एका खोलीतही हे जमू शकते. घरातले मोठे माणूस सांगेल, शिकणारे पोर लिहील.

एक, बोलणारा आणि लिहिणारा वेगळे करा. आजीने फक्त बोलायचे. नातवाने फक्त टिपायचे. मध्येच "आजी, असं म्हणत नाहीत, असं म्हणतात" ही दुरुस्ती नको. ती सुरू झाली की आजी गप्प बसते.

दोन, जी भाषा तोंडात येईल तीच कागदावर. 'माले' म्हटले तर 'माले'च लिहा. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे म्हणून १८ लाखांहून जास्त लोकांची नोंद झाली आहे, त्यामुळे ही भाषा कुणा चार जणांची नाही. मधे हिंदी, गुजराती शब्द आले तर येऊ द्या. 'खातं', 'सेठ', 'पगार', 'ग्रे कापड', 'टाका' हेच इथल्या जगण्याचे शब्द आहेत. ते बदलून पुस्तकी शब्द घातले तर पांडेसरा त्यातून निघून जाईल.

तीन, प्रश्न छोटा विचारा. "आजी, तुझं आयुष्य सांग" म्हटले की तीही अडते. त्याऐवजी विचारावे : सुरतला पहिल्यांदा आलीस तेव्हा बोचक्यात काय काय होतं? पहिली खोली कुठे होती, भाडं किती, खोलीत किती जण झोपायचे? गुजराती पहिला शब्द कोणता शिकलीस, कोणाकडून? आबांना पहिला पगार मिळाला त्या दिवशी काय शिजवलं होतं? एका वेळी एकच प्रश्न, एकच आठवण.

चार, हातात पेन नको असेल तर फोन घ्या. आज साध्या फोनवरही आवाज रेकॉर्ड होतो. मराठीत बोलून टाइप करण्याची सोयही बऱ्याच फोनच्या कीबोर्डमध्ये आहे. अहिराणी बोलले तर ती चुकते, म्हणून आधी रेकॉर्डिंग ठेवावे आणि नंतर ऐकून लिहावे. रेकॉर्डिंगला तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव द्यायला विसरू नये.

पाच, पहिली ओळ शेवटी लिहा. "सुरत ही कर्मभूमी आहे" अशा मोठ्या वाक्याने सुरुवात करायला गेले की पुढचे सुचत नाही. "त्या खोलीत आम्ही सात जण होतो, दोघांची रातपाळी म्हणून झोपायला जागा पुरायची" असे मधूनच सुरू करा. सुरुवात कशी करायची ते पूर्ण लिहून झाल्यावर आपोआप कळते.

सहा, कच्ची वही फाडू नका. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शाईने. लिहिणे आणि तपासणे एकाच बैठकीत केले की तपासनीस पुन्हा दारात येऊन बसतो.

सात, मध्येच थांबा. सांगण्यासारखे अजून थोडे उरले असतानाच वही बंद करावी आणि उद्या कुठून धरायचे ते एका शब्दात खाली लिहून ठेवावे, जसे 'रेशन कार्ड' किंवा 'पूर'. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

अर्जातही हाच उपाय

गोष्टी, कविता ज्यांना लिहायच्या नाहीत त्यांनाही याचा उपयोग आहे. कामगाराचा हात सगळ्यात जास्त अडतो तो अर्ज लिहिताना. पगार अडला, पीएफ निघत नाही, मुलाच्या दाखल्यावर नाव चुकले. बोलताना सगळे सांगतो, कागदावर 'महोदय' लिहून थांबतो आणि मग अर्ज लिहून देणाऱ्याला पैसे देतो किंवा विषय सोडून देतो.

इथेही आधी कोणाला तरी तोंडी सांगावे आणि ऐकणाऱ्याने चारच गोष्टी टिपाव्यात : मी कोण, काय झाले, कोणत्या तारखेला झाले, मला काय हवे. या चार ओळी म्हणजेच अर्ज. 'महोदय' आणि 'आपला विश्वासू' नंतर लावता येते. गुजरातीत द्यायचा असेल तर याच चार ओळी शाळेत जाणारे पोर गुजरातीत करू शकते.

रोज वहीत एक ओळ, आज कोणती पाळी, किती तास, किती उचल घेतली, एवढे टिपायची सवय लागली तर दोन कामे होतात. हात लिहिता राहतो आणि हिशेबाच्या वेळी तारीखवार नोंद हाताशी असते. तोंडी शब्दापेक्षा ती नेहमीच बरी.

आठवण जड असेल तर

काही वेळा हात अडतो तो भीतीने नाही, दुःखाने. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या अवघड प्रसंगाबद्दल लिहायला सांगितले. लिहिताना त्यांना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे आजारपणासाठी आरोग्य केंद्रात जाणे कमी झालेले दिसले. पण हे प्रत्येकाला लागू पडतेच असे नाही. लिहिताना फारच त्रास होत असेल तर थांबावे, जवळच्या माणसाशी बोलावे. झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर तो लिखाणाचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत आणि गुजरातीतही बोलता येते.

उशीर करून चालणार नाही

हे सगळे आत्ताच का, याला कारण आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २०२० च्या टाळेबंदीत कामगार गावाच्या वाटेला लागले. या तिन्ही वेळचे सरकारी अहवाल आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. पण प्लेगच्या वेळी उधन्याला गाडीत कसे चढलो, गावात लोकांनी घरात घेतले की वेशीवरच थांबवले, परत येताना कोण सोबत होते, ही माहिती कुठल्याच अहवालात नाही. ती पांडेसऱ्यातल्या खोल्यांमध्ये, माणसांच्या डोक्यात आहे.

१९९४ मध्ये तिशीत असलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. दुसरीकडे, त्यांची नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात चालली आहेत. ती अहिराणी समजतात, बोलायला थोडी लाजतात, आणि देवनागरीत मराठी लिहायची सवय कमी होत आहे. सांगणारा आणि लिहिणारा एकाच घरात आहेत, अशी वेळ अजून थोडी वर्षे आहे. बहिणाबाईंच्या घरी ती वेळ साधली गेली.

म्हणून ज्याला सुचत नाही त्याने या सुटीला वही घेऊन एकटे बसू नये. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसावे, बोचक्यात काय होते ते विचारावे, आणि जसे ऐकू येईल तसे लिहावे.

थोडक्यात

- हात अडतो तो बहुतेक वेळा डोक्यातल्या नियमांमुळे. आधी कच्ची वही, मग पक्की.
- बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. बोलताना दुरुस्ती नाही.
- अहिराणी, मराठी, हिंदी, गुजराती, जे तोंडात येईल ते कागदावर.
- एका वेळी एक छोटा प्रश्न, रोज १०-१५ मिनिटे.
- सुरुवातीची ओळ शेवटी, आणि उद्याचा धागा आजच टिपून ठेवणे.
- अर्जासाठी चार ओळी : मी कोण, काय झाले, केव्हा, काय हवे.